एक तारीख, दोन नोंदण्या : बॅकएंड फ्रेमवर्क शिकताना

वेबवर चालणारे अ‍ॅप बांधताना दरवेळी नव्याने लिहावा लागणारा कोड एकदाच नीट लिहून, तपासून पुढच्यांसाठी तयार ठेवलेला सांगाडा म्हणजे बॅकएंड फ्रेमवर्क होय. ब्राउझरमध्ये दिसणारी पाने, बटणे आणि रंग यांना फ्रंटएंड म्हणतात; त्यांच्या पाठीमागे दूरच्या सर्व्हरवर जे घडते, म्हणजे आलेली मागणी समजून घेणे, मागणारा कोण हे ओळखणे, डेटाबेसमध्ये माहिती लिहिणे वा शोधणे आणि उत्तर तयार करून परत पाठवणे, त्याला बॅकएंड म्हणतात. पायथनमधील जँगो, रुबीतील रेल्स, पीएचपीतील लाराव्हेल, जावातील स्प्रिंग ही या वर्गातील ठळक नावे असून, पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो की खासगी क्लासची 'फुल स्टॅक'ची जाहिरात, यांपैकी एखादे नाव तेथे हमखास आढळते. शिकवण्याचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उलटा असतो: आधी फ्रेमवर्कच्या आज्ञा, मग फोल्डरांची रचना, मग एखादे तयार उदाहरण जसेच्या तसे उतरवणे. ज्या अडचणींतून त्या आज्ञा जन्माला आल्या, त्यांच्याशी विद्यार्थ्याची गाठ नोकरीला लागेपर्यंत पडत नाही.

फ्रेमवर्क्सचा इतिहास पाहिला तर हा क्रम किती चुकीचा आहे हे ध्यानात येते. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावच्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाच्या दैनिकात झाला. 2003 मध्ये तेथे एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे वृत्तपत्राची संकेतस्थळे पायथनमध्ये बांधू लागले, तेव्हा बातमीच्या वेळापत्रकाबरोबर धावणे, म्हणजे संपादकांनी मागितलेली नवी सोय काही दिवसांत आणि कधी काही तासांत उभी करणे, हे त्यांचे रोजचे काम होते. प्रत्येक नव्या संकेतस्थळात तोच तो कोड लिहावा लागतो हे पाहून त्यांनी तो वेगळा काढला, आणि जुलै 2005 मध्ये तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्याला मिळाले. रेल्सची कथाही याच वळणाची आहे. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 'बेसकॅम्प' हे प्रकल्प सांभाळण्याचे अ‍ॅप बांधले आणि त्यातून निघालेला सांगाडा 2004 मध्ये रेल्स म्हणून प्रसिद्ध केला. मुंबईतील रुषभ मेहता यांच्या कंपनीने उभे केलेले 'फ्रापे' हे फ्रेमवर्कही 'ईआरपीनेक्स्ट' या बिले, मालसाठा, पगार आणि हिशेब सांभाळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरच्या पोटातून आले आहे. तिन्ही ठिकाणी काम आधी होते आणि सांगाडा मागाहून निघाला, म्हणून ज्याला तो शिकायचा आहे त्यानेही कामाच्या बाजूनेच त्याच्याकडे गेलेले बरे.

कामाच्या बाजूने पाहायचे तर सुरुवात एका मागणीच्या प्रवासापासून करावी लागते. ब्राउझर सर्व्हरला जो संदेश पाठवतो त्याला रिक्वेस्ट म्हणतात, आणि एचटीटीपी या नियमावलीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो ठरवून दिलेल्या आकृतिबंधातील साधा मजकूर असतो: पहिल्या ओळीत क्रियेचे नाव व पत्ता, मग काही मथळे, आणि गरज असल्यास शेवटी फॉर्ममध्ये भरलेली माहिती. सर्व्हरच्या उत्तराला रिस्पॉन्स म्हणतात. त्याच्या सुरुवातीला सर्व ठीक असल्यास 200, पत्ता न सापडल्यास 404, परवानगी नसल्यास 403 आणि सर्व्हरचा स्वतःचाच कोड कोसळल्यास 500 असा आकडा असतो. क्रियांपैकी 'गेट' ही नुसती माहिती मागण्यासाठी आणि 'पोस्ट' ही काही बदल घडवण्यासाठी वापरायची, हा संकेत पुस्तकात वाचताना क्षुल्लक वाटतो, पण 2005 मध्ये गूगलने 'वेब अ‍ॅक्सिलरेटर' नावाचे साधन काढले तेव्हा त्याचे मोल अनेकांना कळले. पाने लवकर उघडावीत म्हणून ते साधन पानावरील दुव्यांच्या मागे आधीच जाऊन येत असे, आणि ज्या अ‍ॅपमध्ये 'नोंद पुसा' ही क्रिया साध्या दुव्यावर, म्हणजे 'गेट'वर ठेवलेली होती, तेथील नोंदी वापरणाऱ्याने हात न लावता पुसल्या गेल्या.

फ्रेमवर्क्स येण्यापूर्वी हा सारा प्रवास प्रोग्रॅमर स्वतः सांभाळत असे. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात 1993 मध्ये 'सीजीआय' नावाची पद्धत ठरली, जिच्यात प्रत्येक मागणीला सर्व्हर एक स्वतंत्र प्रोग्रॅम सुरू करी, त्याने छापलेला मजकूर ब्राउझरकडे धाडी आणि प्रोग्रॅम संपे. पुढे रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी केलेली साधने 1995 मध्ये पीएचपी म्हणून बाहेर आली आणि एचटीएमएलच्या मजकुरातच कोड मिसळून लिहिण्याची रीत पसरली. ती सोपी होती, पण अ‍ॅप वाढले की एकाच फाइलमध्ये पानाची मांडणी, व्यवहाराचे नियम आणि डेटाबेसची भाषा यांचा गुंता होई. त्यावरचा तोडगा वेबच्याही आधीचा आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने 1979 च्या सुमारास झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी मांडली होती, म्हणजे माहिती व तिचे नियम एकीकडे, तिचे दिसणे दुसरीकडे आणि दोहोंना जोडणारा कोड तिसरीकडे. आजची बहुतेक वेब फ्रेमवर्क्स नावांत थोडेफार बदल करून हीच विभागणी पाळतात.

एक उदाहरण जवळून पाहिल्यास या विभागणीचा उपयोग आणि तिच्या मर्यादा दोन्ही उलगडतात. तालुक्याच्या गावातील एखाद्या मंगल कार्यालयाला आपली नोंदणी वेबवर आणायची आहे असे धरावे. कार्यालयात दोन सभागृहे आहेत, दिवसाची सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन सत्रे होतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की पंचांगातल्या मोजक्याच मुहूर्तांवर सगळ्यांची नजर असते. जँगोत या अ‍ॅपचे मॉडेल लिहायचे म्हणजे सभागृह, कुटुंब आणि नोंदणी यांचे प्रत्येकी एक वर्ग लिहायचे व त्यांत तारीख, सत्र, अनामत रक्कम असे रकाने सांगायचे. त्या वर्णनावरून फ्रेमवर्क डेटाबेसमधील तक्ते बांधते. पुढे रकाना वाढवावा लागला तर तो बदल 'मायग्रेशन' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये नोंदवला जातो, त्यामुळे तक्ता कधी आणि कसा बदलला याची वहीच तयार होते. वर्ग आणि तक्ते यांच्यामध्ये जो दुवा असतो त्याला ओआरएम म्हणतात. तो पायथनमधील वाक्याचे एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या प्रश्न-भाषेत, रूपांतर करतो. यांखेरीज कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालवायचा याची यादी, तो कोड असलेले व्ह्यू आणि पानाचा साचा म्हणजे टेम्पलेट, एवढे लिहिले की पहिले पान दिसू लागते. नोंदी पाहण्या-बदलण्यासाठी व्यवस्थापकाला लागणारे पान जँगो जवळजवळ आयतेच देतो, आणि हेच त्याच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण आहे.

येथवरचे काम उत्साही विद्यार्थी आठवड्याभरात करतो. खरे शिक्षण त्यापुढे सुरू होते. नोंदणीचा व्ह्यू लिहिताना सरळ मनात येणारा विचार असा असतो की, त्या सभागृहाची त्या तारखेची, त्या सत्राची नोंद आधीच आहे का ते पाहावे आणि नसेल तर नवी नोंद करावी. एकट्याने चाचणी घेताना हा कोड कधीही चुकत नाही. पण सर्व्हर एकाच वेळी अनेक मागण्या हाताळत असतो, आणि वैशाखातील एकाच मुहूर्तासाठी दोन कुटुंबांनी एकाच क्षणी बटण दाबले तर दोन्ही मागण्या आधी पाहून घेतात, दोघींनाही जागा रिकामी दिसते आणि दोघीही नोंद करतात. पाहणे आणि लिहिणे या दोन पायऱ्यांमध्ये जो सेकंदाचा बारीकसा भाग जातो त्यात ही चूक दडलेली असते. ती महिनोन्महिने दिसत नाही आणि दिसते तेव्हा कार्यालयाच्या दारात दोन वऱ्हाडे उभी असतात. तिचा बंदोबस्त पायथनमध्ये अधिक तपासण्या लिहून होत नाही, कारण प्रत्येक तपासणीनंतर तीच फट उरते. सभागृह, तारीख आणि सत्र या तिन्हींची जोडणी तक्त्यात एकदाच येऊ शकते असे बंधन थेट डेटाबेसवर घालावे लागते. मग दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो, फ्रेमवर्कपर्यंत एरर येते आणि ती पकडून 'ही तारीख नुकतीच गेली' असे सांगणे एवढेच व्ह्यूचे काम उरते. जँगोमध्ये हे बंधन दोन-तीन ओळींत लिहिता येते, परंतु त्या ओळी का लिहायच्या हे फ्रेमवर्क सांगत नाही.

अनामत रक्कम ऑनलाइन घ्यायची ठरली की प्रश्न आणखी खोल जातो. नोंदणी करणे आणि पावती तयार करणे या दोन्ही क्रिया झाल्या तर दोन्ही व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, अशी हमी डेटाबेस देतो. त्या बांधलेल्या गटाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. पण पैसे ज्या पेमेंट गेटवेतून येतात तो दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि आपल्या डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये त्याला ओढता येत नाही. पैसे कापले गेले आणि त्याच क्षणी मोबाइलचे नेटवर्क गेले तर ग्राहक आपल्या पानावर परत येतच नाही. म्हणून जाणते प्रोग्रॅमर आधी ती तारीख ठरावीक मिनिटांपुरती तात्पुरती राखून ठेवतात, मग ग्राहकाला पैसे भरायला पाठवतात, आणि ग्राहकाच्या परतण्यावर विसंबून न राहता गेटवेच्या सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला येणाऱ्या स्वतंत्र संदेशावरच नोंद पक्की करतात. तो संदेश दोनदा आला तरी पावती एकच निघेल याचीही काळजी घेतात. ही सारी आखणी कागदावर करता येते आणि ती करताना कोणत्याही फ्रेमवर्कचे नाव घ्यावे लागत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत फ्रेमवर्कचे उपकार सर्वांत मोठे आहेत. एचटीटीपीला स्मरण नसते, म्हणजे एका रिक्वेस्टचा दुसरीशी संबंध सर्व्हरला आपोआप कळत नाही. त्यासाठी 1994 मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी कुकी योजली, जी सर्व्हरने दिलेली छोटी खूण असून ब्राउझर ती प्रत्येक रिक्वेस्टबरोबर परत पाठवतो, आणि तिच्यावरच लॉगिन टिकवणारे सेशन उभे असते. पासवर्ड मूळ रूपात साठवायचा नसतो. जँगो त्यावर एकमार्गी गणिती प्रक्रिया काही लाख वेळा करून तिचे फलित तेवढे ठेवतो, म्हणजे डेटाबेस चोरीला गेला तरी मूळ शब्द शोधणे फार महाग पडते. एसक्यूएलचे वाक्य वापरणाऱ्याने भरलेल्या मजकुराशी जोडून तयार केले तर काय होते, हे गोव्यात किंवा वसईत अ‍ॅप वापरायला दिल्याबरोबर उघडकीस येते: रोमन लिपीत डिसोझा हे आडनाव लिहिताना 'डी'नंतर जे अवतरणचिन्ह येते, ते एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूण असल्याने वाक्य मोडते. ज्या फटीतून सज्जन माणसाचे आडनाव आत जात नाही, त्याच फटीतून हल्लेखोर स्वतःची एसक्यूएल आज्ञा आत सरकवतो, आणि यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ओआरएम मजकूर आणि आज्ञा वेगवेगळ्या पाठवतो, त्यामुळे हा धोका सहसा राहत नाही. तरीही फ्रेमवर्कवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. फॉर्ममधून आलेले सर्व रकाने एका फटक्यात नोंदीत भरण्याची सोय रेल्समध्ये होती, आणि 2012 मध्ये तिच्याच आधारे एका तरुणाने कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर रेल्सच्या स्वतःच्या कोडमध्ये लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत कोणते रकाने स्वीकारायचे हे स्पष्ट सांगणे रेल्सने सक्तीचे केले.

शिकण्याचा क्रम यावरून ठरवता येतो. पहिले काही आठवडे फ्रेमवर्क बाजूला ठेवून, पायथन किंवा ज्या भाषेवर हात बसला असेल ती घेऊन, तिच्यासोबत येणाऱ्या साध्या सर्व्हरवर दोन-तीन पाने चालवावीत, एसक्यूएल हाताने लिहावे, कुकी स्वतः पाठवून परत वाचून पाहावी. कोड लांबत जातो, तीच तपासणी पाच ठिकाणी लिहावी लागते, आणि नेमका त्याच वेळी फ्रेमवर्क हाती घेतले तर त्याची प्रत्येक सोय ओळखीची वाटते. निवडीवर फार काळ घालवू नये. एक्स्प्रेस किंवा फ्लास्क ही आटोपशीर फ्रेमवर्क्स अनेक निर्णय शिकणाऱ्यावर सोडतात, आणि जे निर्णय अजून कळतच नाहीत ते सोपवले जाणे नवख्याला जड जाते. जँगो किंवा लाराव्हेल यांत ते निर्णय आधी झालेले असतात आणि दस्तऐवजही भरपूर आहेत, म्हणून पहिल्या वर्षासाठी ती अधिक सोयीची. जँगोच्या अधिकृत प्रशिक्षणपाठात मतदानाचे एक छोटे अ‍ॅप बांधायला शिकवतात, आणि दोघांनी एकाच क्षणी मत दिले तर मोजणी चुकू शकते हा मुद्दा त्या पाठाच्या आधीच्या आवृत्त्यांतही होता. नुसते उतरवून काढणारा विद्यार्थी तो वाचल्यावाचून पुढे जात असे. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आल्यापासून उतरवण्याचेही कष्ट उरलेले नाहीत, त्यामुळे समोर आलेल्या कोडमध्ये पाहणे आणि लिहिणे यांच्यात फट आहे का, हे ओळखणारी नजर पूर्वीपेक्षा अधिक मोलाची झाली आहे.

ओआरएमने लिहिलेले एसक्यूएल अधूनमधून उघडून पाहण्याची सवय याच काळात लागावी. हंगामातल्या शंभर नोंदणींची यादी दाखवताना प्रत्येकीपुढे कुटुंबाचे नाव छापायचे असेल, तर साध्या दिसणाऱ्या कोडमधून यादीसाठी एक आणि नावांसाठी शंभर, असे 101 प्रश्न डेटाबेसला विचारले जातात. दोन्ही तक्ते जोडून आणावेत असे एका शब्दात सांगितले की तेच काम एका प्रश्नात होते. पानावर दोन्ही वेळा यादी सारखीच दिसते, फरक फक्त वेळेत पडतो, आणि तोही नोंदी वाढल्यावर.

मराठीतून अ‍ॅप बांधणाऱ्यापुढे याखेरीज काही वेगळे प्रश्न उभे राहतात, आणि त्यांची चर्चा इंग्रजी पाठांमध्ये जवळजवळ नसते. जँगोच्या नव्या प्रकल्पात टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असा धरलेला असतो, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत केलेली प्रत्येक नोंद सेटिंग न बदलल्यास आदल्या दिवसाची दिसते. लग्नाची तारीख वेळेसकटच्या रकान्यात मध्यरात्र म्हणून साठवली तर तीही एक दिवस मागे सरकू शकते, म्हणून तिच्यासाठी नुसत्या तारखेचा रकानाच योग्य. आडनावांची यादी लावताना दुसरी अडचण येते. युनिकोडमध्ये ळ या अक्षराचा क्रमांक ल नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो. निव्वळ क्रमांकांनुसार यादी लावली तर काळे हे आडनाव कासार या आडनावाच्या आधी जाते आणि शब्दकोशाची सवय असलेल्या कारकुनाला ते सापडत नाही. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये आयसीयू या प्रणालीची मराठी क्रमवारी मागता येते आणि ती मॉडेलमध्ये रकान्यापुरती नोंदवण्याची सोय जँगोत आहे.

सर्वांत बोलके उदाहरण पत्त्यांचे आहे. शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार करण्यासाठी जँगोमध्ये स्लगिफाय नावाचे फंक्शन आहे. नेहमीच्या रीतीने ते देवनागरी अक्षरे पूर्ण गाळते, म्हणजे 'मंगल कार्यालय' या शीर्षकातून हाती काहीच लागत नाही. युनिकोड चालेल असे त्याला सांगितले तर 'मगल-करयलय' असे काहीतरी बाहेर येते. पायथनमधील नमुनाशोधाच्या व्यवस्थेत 'अक्षर' म्हणून जी चिन्हे धरली जातात त्यांत अनुस्वार, काना, वेलांटी आणि हलन्त बसत नाहीत, आणि स्लगिफाय त्या व्यवस्थेवर विसंबून असल्यामुळे ती सगळी चिन्हे झडून जातात. जँगोचा कोड खुला असल्यामुळे हे फंक्शन उघडून कोणालाही वाचता येते. ते मोजक्या ओळींचे आहे आणि चिन्हे गाळणारी ओळ त्यात सहज ओळखू येते. शिकणाऱ्याने आपल्या अ‍ॅपपुरते वेगळे फंक्शन लिहावे, त्यात देवनागरीची ही जोडचिन्हे राखावीत, 'मंगल कार्यालय', 'क्षेत्र' आणि 'ज्ञानेश्वरी' अशा शब्दांवर त्याची चाचणी लिहावी आणि ती चाचणी प्रकल्पातच ठेवावी, म्हणजे पुढे कोणी नेहमीचे फंक्शन परत आणले तर ती चाचणी लगेच अपयशी ठरून चूक दाखवून देईल.